वेस्टमूर काउंटीचं हरवलेलं गाव

ऑस्ट्रेलियातल्या हॅलोरन शायर काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, ऑफिसात मयूरा पेठकर नकाशे सांभाळते. कुठला रस्ता कुठून वळतो, पाण्याची लाइन कुणाच्या कुंपणाखालून जाते, कुणाचं शेत कुठे संपतं, हे सगळं कॉम्प्युटरवर ज्याच्या त्याच्या जागी बसवायचं, हे तिचं काम. आठवड्यातून तीन दिवस ती कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातून गाडी काढते आणि सव्वा तासाने हॅलोरनच्या एकुलत्या एक मोठ्या रस्त्यावर पोचते. तिथे एक बेकरी, दोन पब, एक शाळा, मेंढ्यांच्या औषधांचं दुकान आणि काउन्सिल. संपलं गाव.

ही नोकरी तिने घेतली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. त्याआधी अकरा वर्षं कॅनबेराच्या एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर होती. एक दिवस ईमेल आला, कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही, आपल्या सेवेबद्दल आभार. हॅलोरनची जाहिरात तिने दाखवली तेव्हा निनादने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर? तिथे आहे काय?"

"मेंढ्या आहेत," मयूरा म्हणाली, "आणि नकाशे आहेत."

नकाशांचं हे वेड घरातूनच आलेलं. वडील कराडला भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. मे महिन्याच्या सुटीत ती त्यांच्याबरोबर मोजणीला जायची. शंकुसाखळीचं एक टोक धरून बांधावर उभं राहायचं, दोन भाऊ एकमेकांवर ओरडत असायचे आणि बाबा शांतपणे हद्दीचा दगड शोधत असायचे. दगड सापडला की भांडण आपोआप खाली बसायचं. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. पुढे इंजिनियरिंग, मग मास्टर्ससाठी मेलबर्नची युनिव्हर्सिटी, शिकताना वृद्धाश्रमात पहाटेच्या शिफ्ट, मग कायमच्या वास्तव्याचा पीआर, लग्न, कॅनबेरा. या सगळ्यात जमिनीला हात लावायचं राहूनच गेलं होतं. नकाशा म्हणजे पडदा आणि माउस.

हॅलोरनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की ती एका काउंटीत काम करते आणि ते तिथल्या बहुतेक लोकांनाही माहीत नाही. तिचा भाऊ अजित अमेरिकेत नेब्रास्कात राहतो. त्याच्या काउंटीला कोर्टाची दगडी इमारत आहे, शेरीफ आहे, दर ऑगस्टमध्ये काउंटीची जत्रा भरते. इथली वेस्टमूर काउंटी मात्र फक्त कागदावर. तिला ना ऑफिस, ना अधिकारी, ना वेशीवर पाटी. जमिनीच्या जुन्या दस्तात तेवढं येतं, 'पॅरिश अमुक, काउंटी वेस्टमूर.' इंग्रजांनी आधी कागदावर चौकोन आखले आणि मग त्यात माणसं येतील म्हणून वाट पाहिली. त्या चौकोनांत विराजुरी लोक हजारो वर्षं राहत होते, ते कागदात कुठेच नव्हते.

"या काउंटीचा इतिहास कुणी लिहिलाय का?" मयूराने लंचमध्ये सहज विचारलं.

"ग्लेनिसला विचार," सगळे एकदम म्हणाले.

ग्लेनिस पर्सेल, वय एकोणऐंशी, हिस्टॉरिकल सोसायटीची सेक्रेटरी. खरं तर सोसायटी म्हणजे तीच. जुन्या रेल्वे स्टेशनच्या खोलीत कागदांचे खोके आणि ती. मयूराला बघताच तिने चहा टाकला, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि दोन तास बोलत राहिली. आताचं हॅलोरन टेकडीवर आहे, पण मूळ गाव खाली कुराबी नदीकाठी होतं. हॅलोरन्स क्रॉसिंग. नदी उतारावरून ओलांडायची जागा, म्हणून तिथे दुकानं झाली, चर्च झालं, पोस्ट झालं. अठराशे सदुसष्टच्या पुरात एका रात्रीत सगळं वाहून गेलं. माणसं उरली ती टेकडीवर गेली आणि परत खाली आली नाहीत. ग्लेनिसच्या खापरपणजीचं, ब्रिजेटचं, तिथे पावाचं दुकान होतं. ब्रिजेट आणि तिची दोन मुलं पुरात गेली, गावाच्याच दफनभूमीत पुरली.

"आणि ती दफनभूमी कुठे आहे?"

"माझ्या रॉनने शोधली होती, लव्ह. एटी-एटला. जुन्या नकाशावरून. त्या शेतात त्याने दगड बसवलाय, पितळी पाटी लावलीय. दर नोव्हेंबरला मी तिथे फुलं ठेवते."

रॉन म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

दोन वर्षं गेली. मग गेल्या वर्षीच्या जुलैत नदीकाठच्या त्या शेतांवर सोलर फार्म यायचं ठरलं. परवानग्या झाल्या. रॉनच्या दगडाभोवती कंपनीने चांगली ऐसपैस जागा सोडली, कुंपण घातलं. बाकीच्या जमिनीत ऑगस्टच्या पाच तारखेपासून लोखंडी खांब ठोकले जाणार होते. ती सगळी आखणी काउन्सिलच्या नकाशात चढवायचं काम मयूराकडे आलं. चढवता चढवता तिला वाटलं, जुन्या गावाचा थरही बरोबर जागी बसवून टाकावा. त्यासाठी तिने राज्याच्या अर्काइव्हमधून मूळ मोजणीची वही स्कॅन करून मागवली.

वही टेनंट नावाच्या सर्व्हेयरची होती, अठराशे एक्कावन्नची. हस्ताक्षर मुंगीच्या पायांसारखं. पण मयूराला ते वाचताना अगदी घरच्यासारखं वाटलं. उजवीकडे अंतर, डावीकडे खुणा, मध्ये रेघ. बाबांचं टिपण असंच असायचं. फक्त इथली चेन सहासष्ट फुटांची, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. बाबांच्या साखळीच्या बरोबर दुप्पट. टेनंटने एका मेंढपाळाच्या दगडी धुराड्यापासून सुरुवात केली होती. ते धुराडं अजून उभं आहे. तिथून चौसष्ट चेन गेल्यावर एक यलो बॉक्स जातीचं निलगिरीचं झाड, त्यावर कुऱ्हाडीने केलेली खूण, आणि त्या झाडापासून पुढे गावाचे रस्ते. दफनभूमी झाडापासून पाच चेनवर.

रॉनचा दगड बरोबर त्याच हिशेबाने बसला होता. मयूराने दोनदा तपासलं. चौसष्ट चेन बरोबर, कोन बरोबर. तरी काहीतरी टोचत होतं. टेनंटने लिहिलं होतं, झाडाच्या दक्षिणेला वीस पावलांवर ओढा. रॉनच्या जागेजवळ ओढा सोडा, साधा खळगाही नव्हता.

बुधवारी दुपारी दोनला तिने गाडीत बसून कराडला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ. बाबा अंगणात पेपर वाचत होते.

"बाबा, एक विचारू? वहीत कोन दिलाय, अंतर दिलंय, सुरुवातीची खूण जागेवर आहे. तरी शेवटची खूण जुळत नाही."

"वही किती सालची?"

"अठराशे एक्कावन्न."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मोजणी कशाने केली? होकायंत्राने?"

"असणार."

"मग उत्तर कुठली धरलीस?"

"नकाशाची वरची कड," मयूरा म्हणाली.

"अगं, नकाशाच्या वरच्या कडेची उत्तर वेगळी आणि होकायंत्राची वेगळी. होकायंत्र खोटं बोलत नाही, पण दरवर्षी थोडं थोडं वेगळं खरं सांगतं. त्या काळी तुमच्याकडे सुई किती अंश ढळलेली होती, ते काढ आधी."

"बाबा!" ती गाडीत एवढ्या जोराने ओरडली, की पलीकडून बाबा म्हणाले, "काय गं, साप निघाला का?"

ती धावत वर गेली. त्या काळी सुई साधारण दहा अंश पूर्वेला ढळत असे. रॉनने कोनमापक छापील नकाशावर ठेवला होता, नकाशाची वरची कड हीच उत्तर धरून. सव्वा किलोमीटरवर दहा अंश म्हणजे किती? तिने आकडे टाकले. सव्वादोनशे मीटर! हरवलेलं गाव सव्वादोनशे मीटर उजवीकडे होतं. तिने नवीन रेघ ओढली. रेघेचं टोक एका ओढ्याच्या उत्तरेला, वीस पावलांवर जाऊन टेकलं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तिने दफनभूमीचा चौकोन आखला आणि तो काटा तसाच राहिला. चौकोन सोलरच्या खांबांच्या सातव्या ते बाराव्या रांगेत पडला होता.

जनरल मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "मयूरा, मला पटतंय," तो म्हणाला, "पण कागदावरच्या रेघेसाठी मी कुणाचं काम थांबवू शकत नाही. तिथे जाऊन काहीतरी दाखव. झाड दाखव."

झाड दाखव! पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं! आणि त्याआधी आणखी एक अवघड काम होतं. ग्लेनिसला सांगायचं होतं.

गुरुवारी स्टेशनच्या खोलीत मयूराने प्रिंटआउट टेबलावर पसरले आणि अर्ध्यातच अडखळली. जिथे ही बाई आठ वर्षं एकटी फुलं ठेवत आली, तिथे काहीच नाही, हे कसं सांगायचं?

ग्लेनिसने चष्म्यातून दोन्ही रेघा बघितल्या. एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. "म्हणजे रॉन चुकला."

"थोडासाच. त्याचं गणित बरोबर होतं, ग्लेनिस. फक्त उत्तर दिशा..."

ग्लेनिसचे खांदे हलायला लागले. मयूराला वाटलं ती रडते आहे, म्हणून ती उठली. बघते तर बाई हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चाळीस वर्षं मी त्या माणसाला सांगत होते, रॉन, रस्ता विचार! कधी विचारला असेल तर शपथ!" मग तिने डोळे पुसले आणि एकदम ताठ बसली. "ब्रिजेट त्या खांबांखाली जाणार?"

"झाड सापडलं तर कळेल."

"शनिवारी जायचं. मी सँडविच आणते."

शनिवारी सकाळी गुंगालिनमध्ये उणे चार होतं. गाडीच्या काचेवरचा बर्फ निनादने जुन्या डेबिट कार्डाने खरवडला. त्याला थंडी अजिबात सोसत नाही, पण बायकोचा चेहरा बघून तो स्वतःहून निघाला होता. "तीन दिवस जेवताना तुझं लक्ष नाही," तो म्हणाला. "एवढी खूश मी तुला सिटिझनशिपच्या दिवशी पण बघितली नव्हती."

शेताच्या फाटकाशी ग्लेनिस गमबूट घालून उभी होती आणि तिच्या शेजारी डॅरन. डॅरन विराजुरी, पन्नाशीतला, इथल्या अ‍ॅबोरिजिनल लँड काउन्सिलमध्ये, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमीन मंडळात, काम करणारा. ग्लेनिसनेच त्याला बोलावलं होतं. त्याने हस्तांदोलन केलं आणि विचारलं, "तू त्या वहीतलं झाड शोधतेयस ना? वहीत आमच्याबद्दल काही आहे?"

मयूराने फोनवर स्कॅन उघडून वाचून दाखवलं. समासात टेनंटने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथले मूळ लोक या झाडाच्या बेचक्यात अडकलेला वाळका काडीकचरा दाखवतात आणि पाणी इथवर येतं म्हणतात. घोड्यावर बसूनही माझा हात तिथे पोचला नाही. हे मला असंभव वाटतं.'

नदीवरून धुकं वर सरकत होतं.

"सोळा वर्षांनी आलं पाणी," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"सांगितलं होतं त्यांना," डॅरन म्हणाला. मग फाटक ढकलून पुढे झाला. "चल. बेचक्याचं झाड म्हणालीस ना?"

जीपीएस हातात धरून मयूरा पुढे, बाकीचे मागे. गवतावरचं दव गोठून बुटांखाली करकरत होतं. मेंढ्या एका अंगाला पळाल्या. ओढा आला. ओढा ओलांडला. वीस पावलं. जीपीएसने टिंग केलं, आणि तिथे झाड नव्हतं. काटेरी झुडपांची जाळी आणि गंजलेली तार.

मयूराचा चेहरा उतरला. निनादने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वीस पावलं कुणाची, मयूरा? तुझी का टेनंटची?"

"माझी पावलं मोजायची कशाला! साखळीने मोजलंय ना त्याने," ती चिडून म्हणाली, आणि मग थबकली. साखळी! ओढ्यातून, खडकांवरून ओढत नेलेली लोखंडी साखळी. ती कुठे ताणलेली, कुठे सैल. बाबा नेहमी म्हणायचे, चढउतारावर साखळी फसवते, जमिनीची लांबी जास्त भरते. म्हणजे खरी जागा मोजमापापेक्षा अलीकडे हवी! ती मागे वळली आणि रेघेवरूनच धुराड्याच्या दिशेने चालत सुटली. दहा मीटर. वीस. ओढ्याच्या वळणाशी, काठावर, एक अवाढव्य यलो बॉक्स उभा होता. एवढ्या वर्षांत ओढा सरकून पार झाडाशी आला होता, आणि येताना त्यांनी तो वळणाच्या दुसऱ्या बाजूने ओलांडला होता, म्हणून धुक्यात झाड दिसलंच नव्हतं. अर्धं झाड वठलेलं, अर्धं हिरवं. आणि खोड वर जाऊन दोन भागांत फाटलेलं. बेचकं!

"थांब, थांब, थांब," मयूरा स्वतःशीच म्हणत धावली. झाडाला एक फेरी मारली. काही नाही. दुसरी फेरी. छातीच्या उंचीवर साल एका उभ्या रेषेत दोन्ही बाजूंनी आत वळली होती, मिटलेल्या ओठांसारखी. मधली फट हाताएवढी. तिने फोनचा टॉर्च आत मारला. आत काळपट, गुळगुळीत लाकूड. त्यावर तीन रेघा, बाणासारख्या एका टोकाला मिळालेल्या. सरकारी मोजणीची खूण. त्याखाली कोरलेले दोन आकडे.

"बाण आहे!" ती मराठीतच किंचाळली. "निनाद, बाण आहे! सापडलं!"

भाषा कळायची कुणाला गरज नव्हती. ग्लेनिस गमबुटांत शक्य तेवढी धावत आली, फटीला डोळा लावला आणि "ओ माय, ओ माय" म्हणत राहिली. डॅरन खाली न बघता वर बेचक्याकडे बघत होता. "घोड्यावरून हात पोचला नाही म्हणे," तो म्हणाला आणि खोडावर तळवा टेकवून उभा राहिला. निनाद झाडाभोवती फिरून फोटो काढत होता. ग्लेनिसने सँडविचचा डबा तिथेच झाडाखाली उघडला. चिखलात उकिडवं बसून चौघांनी खाल्लं.

सोमवारी फोटो मॅनेजरच्या टेबलावर. मंगळवारी कंपनीला पत्र. कंपनीची माणसं कुरकुरली, पण काम थांबवलं. पुढच्या आठवड्यात जमिनीखालचं बघणारं रडार आलं. बाळाच्या बाबागाडीसारखं ते यंत्र एक पोरगेलीशी तंत्रज्ञ दिवसभर गवतावर ढकलत होती. मयूरा रजा टाकून कुंपणाशी उभी. दुपारी तिने स्क्रीन मयूराकडे वळवला. पूर्व-पश्चिम, ओळीने, एकसारख्या लांबट सावल्या. सत्तावीस थडगी. त्यात दोन अगदी छोटी, एका मोठ्या थडग्याला लागून.

मयूराने ग्लेनिसला फोन केला आणि तिला एवढंच सांगता आलं, "तिघं एकत्र आहेत."

सोलरच्या सहा रांगा सरकल्या. दफनभूमीला लाकडी कुंपण झालं. डॅरनने एकच अट घातली, की फलकावर टेनंटच्या समासातल्या ओळी जशाच्या तशा याव्यात. काउन्सिलच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, जरा कडू वाटतं. ग्लेनिस उभी राहिली आणि म्हणाली, "माझी खापरपणजी बुडाली, कारण एका शहाण्याला ऐकू आलं नाही. लिहा." लिहिलं गेलं.

नोव्हेंबरमध्ये फुलांचा दिवस आला तेव्हा मयूराला एक कल्पना सुचली. आदल्या दिवशी ती आणि निनाद शेतात गेले. क्रिकेट क्लबकडून त्यांनी चुन्याची गाडी आणली होती. झाडापासून मोजून त्यांनी गवतावर फक्कीने रेघा मारल्या. चर्च स्ट्रीट, रिव्हर स्ट्रीट, प्रत्येक दुकानाचा चौकोन, प्रत्येक अंगण. संध्याकाळपर्यंत हिरव्या गवतावर अख्खं हॅलोरन्स क्रॉसिंग पांढऱ्या रेघांत उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दोनशेवर माणसं आली. आधी कुंपणाशी घोळक्याने उभी होती, अवघडल्यासारखी. मयूरा हातात नकाशा घेऊन मधोमध गेली आणि ग्लेनिसच्या जुन्या कागदांतून काढलेली नावं वाचू लागली. "लोहार, डफी! पोस्टमास्तर, अ‍ॅबट! खाणावळ, मिसेस क्रेन!"

"डफी आमचे!" मागून एक मेंढपाळ ओरडला आणि रेघ ओलांडून लोहाराच्या दुकानात जाऊन उभा राहिला. मग सगळे धावले. शाळेची मुलं चर्च स्ट्रीटवरून पळत सुटली. पोस्टात उभ्या राहिलेल्या बाईने रस्त्यापलीकडच्या खाणावळीतल्या अनोळखी माणसाला विचारलं, "म्हणजे आपण शेजारी?" काउन्सिलचा मॅनेजर पोलीस चौकीत सापडला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॅरन आणि त्याची आत्या रेघांच्या बाहेर, झाडामागच्या उंच टेकाडावर बसले होते. जिथे पाणी येत नाही, तिथे. तिथून ते सगळं बघत होते आणि मुलं त्यांच्याकडे जाऊन बेचकं दाखवा म्हणत होती.

ग्लेनिस रिव्हर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पोचली. बेकरीच्या चौकोनाशी थांबली, जिथे दार असायला हवं तिथे. फुलं ती आधीच ठेवून आली होती. तिने गमबूट झटकले आणि एक पाय आत टाकला, मग दुसरा. मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघितलं.

"मयूरा!" तिने सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "लवकर ये! भट्टी कुठल्या भिंतीला होती, सांग मला!"

मयूराने नकाशा गुंडाळला आणि रिव्हर स्ट्रीटवरून पळत सुटली.